ग्रुपसोबत पहिल्यांदा पक्षी पाहायला जाताय? मग हे वाचून घ्या

एकट्यानं तलावाच्या पाळीवर बसलं की सगळी बदकं सारखीच दिसतात, म्हणून म्हणतो एकदा गाइडसोबत जा, नावंही कळतात अन् आपल्यासारखे चार येडेही भेटतात.

पहिले पक्षी पाहायची फेरी शोधा. ५ ते १२ नोव्हेंबर आपल्याकडं पक्षी सप्ताह असतो, ५ ला जंगलावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींची जयंती अन् १२ ला पक्षीतज्ज्ञ सालिम अलींची, तेव्हा वनविभाग, कॉलेजवाले, निसर्ग मंडळं फेऱ्या काढतात. वनविभागाच्या रेंज ऑफिसात विचारा. गोंदियाकडं नवेगावबांध किंवा एखादा मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातला) मिळाला तर सोडू नका, थंडीत बाहेरची बदकं उतरतात अन् नशीब असलं तर धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसते. जोडी दिसली तरी फोटोसाठी जवळ नाही जायचं.

आदल्या रात्रीच गाडीवर कोणासोबत जायचं ते ठरवून घ्या, अर्ध्या ओळखी तिथंच होतात. कपडे मातकट, हिरवे. मी पहिल्या वेळी पांढरा शर्ट घालून गेलो अन् वरून "अरे ते पाहा!" म्हणून ओरडलो, अख्खा थवा उडाला, पोहे येईपर्यंत कोणी धड बोललं नाही माझ्याशी.

दुर्बीण नसली तर काही अडत नाही, मागायची. घ्यायचीच असेल तर ८x४२ बरी, म्हणजे आठपट मोठं दिसतं अन् पुढची काच ४२ मिलिमीटरची. पट्टा आधी गळ्यात, मग दुर्बीण हातात. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबर खाली दुमडा. नजर पक्ष्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यापाशी आणा, खाली पाहिलं की पक्षी हरवलाच समजा. दुसऱ्याला दाखवताना बोट नाचवू नका, हळूच सांगा, "बाभळीत, घड्याळात दोन वाजतात त्या बाजूला". दिसला की तो माणूस असा हसतो की पुढं ओळख करून द्यायची गरजच नाही.

नाव नाही आलं तर सरळ विचारा, लाजायचं काहून? डोक्यावर दोन काळे पट्टे दिसले तर पट्टकादंब (थंडीत येणारा हंसाच्या जातीचा पक्षी), एवढं मात्र पाठ करूनच जा, भाव वाढतो. अन् डोंग्यातून मासे धरणाऱ्या ढिवरभाऊशीही बोला, कोणता पक्षी कुठल्या कोपऱ्यात बसतो हे त्याला गाइडपेक्षा जास्त माहीत असतं.

शेवटी तर्रीपोह्यावर सगळे यादी जुळवतात, ई-बर्ड नावाच्या पक्षीनोंदीच्या वेबसाइटवर टाकतात. तिथून लवकर सटकू नका, पुढच्या रविवारची गाडी तिथंच ठरते.