आजीचा रिकामा फुगा

गोव्यातल्या डिचोलीत नर्स म्हणून काम करते आणि ओपीडीच्या बाकासाठी चित्रकथा काढते. आजारपणाच्या अशा कॉमिक्सना डॉक्टर-चित्रकार इयन विल्यम्स यांनी २००७ साली ‘ग्राफिक मेडिसिन’ हे नाव दिलं.

कागद दोनदा दुमडला की चार चौकटी मिळतात. पण पेन्सिल उचलण्याआधी पेशंटचं ऐका. एक आजी म्हणाली, “बाय, मला ऐकू कमी येतं म्हणून डॉक्टर सगळं मुलालाच सांगतात. गोळ्या तर मी घेते!” मी पहिल्या चौकटीत दोघं बोलताना काढले, मध्ये आजी, तिचा संवादाचा फुगा रिकामा. शेवटच्या चौकटीत डॉक्टर तिच्यासमोर बसून, मास्क उतरवून, सावकाश बोलतात; गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र.

परवानगी घ्याच. नाव, गाव, चेहरा बदला. आजीनं अबोलीचा वळेसर (गजरा) मात्र हट्टानं ठेवायला लावला, आणि चित्र त्यानंच जिवंत झालं.

फुग्यात ‘वेदना’ नको, पेशंट म्हणतो तसं ‘दुखता’ लिहा. कच्चं चित्र आधी त्यालाच दाखवा, डॉक्टरांना नंतर. नव्या नर्सना मी तो रिकामा फुगा भरायला देते. पाच मिनिटं कुणी बोलत नाही.