नववीत ‘सी’ आलाय? कॅलिफोर्नियातल्या आईबापांनी काय करायचं

आधी शाळेचं पोर्टल उघडा आणि ‘सी’ नेमका कशाने आला ते बघा. माझा भाचा पुण्याहून थेट फ्रीमॉन्टला नववीत आला. बायोलॉजीच्या परीक्षांत मार्क चांगले, पण खाली होमवर्क आणि लॅब रिपोर्टपुढे शून्यांची माळ. शेवटच्या परीक्षेला मार्क काढले की झालं, हे इकडे चालत नाही. रोजचं काम ग्रेडमध्ये धरतात. अशा पोराला ट्यूशन लावून काय होणार? दर रविवारी रात्री त्याच्याकडूनच पोर्टल तपासून घ्या.

मग आकडेमोड, आणि ती स्वतः करा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, जीपीए (‘ए’ला 4, ‘बी’ला 3, ‘सी’ला 2 गुण धरून काढलेली सरासरी) काढताना नववीचे ग्रेड धरतच नाही. नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचेच विषय मोजते, पीई म्हणजे शारीरिक शिक्षणासारखे विषय सोडून. ‘ए मायनस’ही पूर्ण ‘ए’. एपीसारख्या, म्हणजे शाळेतच होणाऱ्या कॉलेज पातळीच्या, कोर्सना जादा गुण मिळतात, पण जास्तीत जास्त 8 सेमिस्टरचे, त्यांतले दहावीतले फार तर 4. भाच्याची नववीची सरासरी 3.0. पुढच्या दोन वर्षांत 24 ग्रेडपैकी 18 ‘ए’ आणि 6 ‘बी’, म्हणजे 3.75. तिन्ही वर्षं एकत्र केली तर 3.5, यूसीच्या हिशेबात मात्र 8 जादा गुणांसकट 4.08. पोरगा तोच!

म्हणून नववी लपते असं नाही. अर्जात ते ग्रेड भरावेच लागतात. ‘डी’ किंवा ‘एफ’ असेल तर तो विषय पुन्हा करा, यूसीला ‘सी’च्या खालचं चालत नाही. ‘सी’ पुन्हा करून मात्र यूसीचा जीपीए वाढत नाही.

खाजगी नामांकित कॉलेजांकडे नववीपासूनचं सगळं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, जातं. चढता आलेख त्यांना आवडतो, हे खरं. पण सुरुवातीपासून स्वच्छ ग्रेड असलेली मुलंही त्याच रांगेत असतात. माझ्या मते अर्ज करायच्या यादीत अशी दोन-तीन कॉलेजं पुरेत. आणि सोपे विषय घेऊन ‘ए’ गोळा करू नका. जिथे घसरला त्याच विषयाचा पुढचा अवघड कोर्स घेऊन ‘ए’ आणला, तर त्या ‘सी’ला परस्पर उत्तर मिळतं.

कारण सांगायचं असेल तर ते अतिरिक्त माहितीच्या रकान्यात, निबंधात नको. भाच्याच्या पहिल्या मसुद्यात शिक्षकांचे उच्चार, बसची वेळ, सगळं रडगाणं होतं. काटछाट करून एवढंच ठेवलं: ‘नववीच्या सुरुवातीला आम्ही भारतातून आलो. रोजच्या कामालाही ग्रेड असतो हे मला उशिरा उमगलं. दहावीपासून माझी एकही असाइनमेंट राहिलेली नाही.’ हेच शाळेच्या काउन्सेलरलाही सांगून ठेवा. खाजगी कॉलेजांना शाळेचा रिपोर्ट तिथूनच जातो.

एवढं करूनही जमलं नाही तर डी ॲन्झा, फूटहिलसारखं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज आहेच. गणपतीच्या पंगतीत लोक नाक मुरडतील, मुरडू देत. तिथून यूसीत ट्रान्सफर मागताना मुख्यतः कॉलेजचेच ग्रेड बघतात. ठरलेल्या अटी पूर्ण केल्या तर यूसीच्या डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा, सांता क्रूझ, रिव्हरसाइड आणि मर्सेड यांपैकी एका ठिकाणी प्रवेशाची हमी मिळते. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो ती देत नाहीत. शिवाय काही कॅम्पस काही मेजर (मुख्य विषय) त्यातून वगळतात. कॉम्प्युटर सायन्स डोक्यात असेल तर ती यादी आधी बघा.