डायलिसिसवरच्या माणसाची शुगर उतरली, तर शहाळं नको, साखर द्या

मधुमेहाने किडनी गेली की शुगर वाढण्याइतकीच ती अचानक उतरण्याचीही धास्ती असते. इन्शुलिन शरीराबाहेर टाकायचं काम बऱ्याच अंशी किडनी करते. ती थकली की तेच इन्शुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं. त्यामुळे जुना डोस आता जड होऊ शकतो. डायलिसिसच्या दिवशी किती घ्यायचं, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

दरदरून घाम, हात थरथरणं, असंबद्ध बोलणं दिसलं की घरातलं कुणीतरी धावत शहाळं, मोसंबीचा रस नाहीतर ओआरएस आणतं. माया खरी, पण या तिन्हींत पोटॅशियम असतं. डायलिसिसवरच्या माणसाच्या रक्तात ते साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. केळंही नको.

त्यापेक्षा ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला की तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाव कप पाण्यात ढवळून द्या. पाणी मोजूनच प्यायचं असतं, म्हणून पेलाभर नको. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडा खालीच असेल तर तेवढंच परत द्या. मशीन हाताशी नसेल तर त्यासाठी थांबू नका. पेशंट शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.

साखरेची पुडी डायलिसिसच्या पिशवीत ठेवा. घरी परततानाही ती लागू शकते.