बोटीवर गेलेला पणजोबा बंदरात शोधा

“आमचे पणजोबा बोटीवर होते,” यापलीकडे बहुतेक कोकणी घरांत काही ठाऊक नसतं. एकोणिसाव्या शतकातल्या अशा पोरसवदा खलाशाचा माग काढायचा तर त्याच्या सफरींमागे धावू नका, बंदर धरा. त्याचा कागद व्हायचा तो तिथेच, बोटीवर चढताना आणि पगार घेऊन उतरताना.

आधी बोटीचं नाव मिळवा. पेटीतली पत्रं, कामावरून सुटल्याचा दाखला, जे असेल ते बघा. 1855 पासून ब्रिटिश जहाजांना नोंदणी क्रमांक मिळत गेले आणि खलाशांच्या याद्या त्याच क्रमांकाने लावलेल्या आहेत. 1863 पासूनच्या बहुतेक याद्या कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत. 1861, 1862 आणि शेवटी 5 असलेली वर्षं ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात सापडतील.

यादी हाती आली की घाई नको. वय, जन्मगाव, आधीची बोट, चढल्या-उतरल्याची तारीख, पगार, आणि सहीच्या जागी बहुधा फुली. नावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाने कानावर पडेल तसं केलेलं असतं, त्यामुळे मोठ्याने वाचून बघा. तरीही जमलं नाही तर सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, शोधा. सारंग आपल्या गावची, नात्यातली पोरं सोबत न्यायचा, तेव्हा त्याच्या खालच्या नावांत तुमचा पणजोबा असण्याचा संभव मोठा. मला सगळ्यात जास्त यश याच वाटेने आलं आहे. हुद्द्यापुढे ‘भंडारी’ दिसलं तर तो बोटीवरचा स्वयंपाकी, जात नव्हे.

आता एका बोटीवरून उतरल्याची तारीख आणि पुढच्या बोटीवर चढल्याची तारीख शेजारी शेजारी मांडा. मधले दिवस म्हणजे त्याचं बंदरातलं आयुष्य. ते ऐन आषाढात आले असतील तर पोरगा मुंबईतच अडकला असणार, कारण पावसाळ्यात कोकणची गलबतं बंद. अशा वेळी गाववाल्यांच्या खोलीवर पडायचं, उधारीवर जेवायचं आणि सारंगाच्या बोलावण्याची वाट बघायची. पुढच्या पगाराची उचल त्या उधारीतच संपायची. रॉयल आल्फ्रेड सेलर्स होमची देखणी इमारत (आज तिथे राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे) 1876 मध्ये उभी राहिली, पण ती मुख्यतः गोऱ्या खलाशांसाठी. आपल्या पणजोबाला तिथे शोधू नका.

मुंबईत तो नेमका कुठे उतरला ते ठरवताना साल बघा. ससून गोदी 1875 ची, प्रिन्सेस गोदी 1880 ची. त्याआधी मोठ्या बोटी बहुधा भर बंदरात नांगर टाकायच्या आणि माणसं होडीने किनाऱ्याला यायची.

तो लंडनला उतरला असेल तर वेस्ट इंडिया डॉक रोडवर 1857 साली आशियाई खलाशांसाठी उघडलेलं वसतिगृह ध्यानात ठेवा. 3 एप्रिल 1881 ची ब्रिटिश जनगणनाही चाळा. त्यात बंदरातल्या बोटींवरची माणसंही मोजली आहेत. वय मात्र दोन-तीन वर्षं इकडेतिकडे धरूनच शोधा.