टॅबमधली फुली वाजवायची असते: गिटारच्या तारा म्यूट कशा कराव्यात

गिटार सुरात लावलेली आहे आणि जाड तारेकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई हा क्रम पाठ आहे, असं धरतो. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्रीत सूर सरकतो, बोटंही आखडतात. सकाळी बसणार असाल तर हात चोळून घ्या, तारा पुन्हा जुळवा.

टॅब, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची हे रेघांवर आकड्यांनी लिहायची पद्धत, वाचणं सोपं आहे. सहा रेघा म्हणजे सहा तारा. सगळ्यात खालची रेघ ही जाड तार. उलटं वाटतं, पण गिटार मांडीवर उताणी ठेवून वरून बघा, नेमकं तसंच दिसेल. आकडा म्हणजे फ्रेट (मानेवरची आडवी धातूची पट्टी, तिच्या अलीकडे तार दाबायची), ० म्हणजे मोकळी, न दाबलेली तार, एकाखाली एक आकडे म्हणजे सगळे एकदम. ताल बहुतेक टॅबमध्ये लिहिलेला नसतो, तेव्हा गाणं आधी कानात बसवा.

आता फुली. कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या, चित्रात तारेवर × असेल तर ती तार ऐकू येऊ द्यायची नाही. टॅबच्या रेघेवर × असेल तर ती तार मारायचीच, फक्त सुराऐवजी कोरडा 'टक' आला पाहिजे. 'फुली दिसली की सोडून द्या' असं सांगणारे अजून भेटतात. कृपा करून ऐकू नका. ती फुली ठेक्याचा भाग असते. सोडलीत की हात अडखळतो आणि पुढची मात्रा चुकते.

हा 'टक' डाव्या हाताने काढायचा असतो, आणि मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच. दाब सोडा, स्पर्श सोडू नका, एवढंच सूत्र आहे. बोट तारेवरून झटकन उचललंत तर मोकळी तार झणझणते. दाबून ठेवलंत तर सूर येतो. बोट तारेला टेकलेलं हवं, पण तार फ्रेटला टेकता कामा नये.

एकाच बोटाने तारा झाकायचा सल्लाही सोडून द्या. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटच्या पट्टीवर एकच बोट हलकं टेकलं की हार्मोनिक उमटतो, घंटीसारखा स्वच्छ सूर. किमान दोन बोटं आडवी टाका, तीन असतील तर उत्तम.

बार कॉर्डमध्ये, म्हणजे एक बोट तारांवर आडवं दाबून धरायच्या कॉर्डमध्ये, हे आपसूक जमतं, कारण सगळ्या तारा बोटाखालीच असतात. खरी पंचाईत ई मायनर किंवा जीसारख्या मोकळ्या कॉर्डला होते: दाबलेल्या तारा गप्प होतात आणि बाकीच्या खुशाल वाजत राहतात. तिथे रिकामी बोटं सगळ्या तारांवर पसरून टाका. इंदिरानगरात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांची करंगळी नेमकी अशा वेळी हवेत ताठ उभी असते. तिला खाली आणा, निम्मं काम तिचंच आहे.

तपासायला सहाही तारा एकेक करून छेडा. एकही गायली तर बोटांची जागा बदला. जोर वाढवू नका.

कॉर्डच्या चित्रातल्या फुलीचं तंत्र वेगळं. सी कॉर्डमध्ये पाचव्या तारेवरच्या अनामिकेचं टोक सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड, तारेला किंचित चिकटू द्या, ती गप्प होते. डीला अंगठा वरून आणून सहावीला टेकवा.

टॅबवर 'पी. एम.' आणि पुढे तुटक रेघ असेल तर ते पाम म्यूट, उजव्या हाताचं काम. करंगळीकडची तळहाताची कड ब्रिजवरच्या (गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकवलेल्या असतात तिथल्या) पांढऱ्या पट्टीला लागून तारांवर ठेवा. सूर ऐकू आलाच पाहिजे, फक्त दबका. पार मेला तर हात पुढे सरकलाय, मागे घ्या.

सरावाला जाड तारेवरची ही एक ओळ घ्या:

ई |--०--०--×--३--×--०--|

सहाही ठोके सारख्या अंतराने, पायाने ताल धरून. फुलीवर उजवा हात थांबत असेल तर वेग अजून कमी करा.