दगडाची हत्यारे घडवायला शिकताना बडोद्यात साहित्य कुठून मिळवावे

अश्मयुगीन पद्धतीने दगडाचे छिलके काढून पाते किंवा बाणाचे टोक घडवू पाहणाऱ्या बडोदेकराचे लक्ष साहजिकच अकीकाकडे (मण्यांसाठी वापरला जाणारा कठीण ‘अगेट’ दगड) जाते, कारण अकीकाच्या कारागिरीसाठी शतकानुशतके प्रसिद्ध असलेले खंभात येथून जेमतेम ७०–८० किलोमीटरवर आहे. तरीही सुरुवात अकीकाने करू नये, असे माझे ठाम मत आहे. अकीक चिवट असतो, त्याला जोरदार आणि तरीही नेमका घाव लागतो, आणि नवशिक्याचे बहुतेक घाव चुकणारच असल्यामुळे प्रारंभी वाया गेला तरी हळहळ वाटणार नाही असाच माल हाती असावा.

असा माल म्हणजे काच. काचेला लाकडासारखी ठरावीक रेषेत फुटण्याची दिशा नसते. त्यामुळे घावाचा धक्का आत एकसारखा पसरतो आणि अकीक किंवा चर्ट (गारगोटीसारखा कठीण दगड) यांच्याप्रमाणेच गुळगुळीत, वक्र पृष्ठभागाचा छिलका सुटतो. गुजरातेत दारूबंदी असल्याने इतरत्र सहज मिळणाऱ्या बिअरच्या बाटल्या येथे भंगारात फारशा दिसत नाहीत, पण सरबताच्या, सॉसच्या आणि जुन्या गोटी सोड्याच्या बाटल्यांचे जाड बूड तितकेच उपयोगी पडते. त्याहून सोयीचे म्हणजे काचेच्या दुकानात कापून उरलेल्या ८ ते १२ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, ज्या दुकानदाराला टाकूनच द्यायच्या असतात. मागताना ‘टफन्ड नको, साधी काच हवी’ असे स्पष्ट सांगावे, कारण टफन्ड काच पहिल्याच दाबाला बारीक खड्यांच्या ढिगात बदलते. जुन्या टीव्हीची काच मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नये, कारण त्या नळीच्या काचेत शिसे असते. छिलका काढण्यासाठी पट्टीची धारदार कड तशीच अणीने दाबली तर ती चुरते, म्हणून सरावापूर्वी ती खरबरीत दगडावर घासून बोथट करावी; ही घासाघाशी कंटाळवाणी असली तरी निम्मे यश तिच्यातच असते.

काचेवर हात बसला की चिनी मातीकडे वळावे. न्हाणीघराचे नूतनीकरण चालू असलेल्या घरातून फुटके वॉश-बेसिन किंवा कमोडचे तुकडे मागून आणावेत आणि साबणाने स्वच्छ धुवावेत. ही माती काचेपेक्षा चिवट असल्याने खऱ्या दगडासाठी हाताची तयारी होते. फरशीच्या टाइल्स मात्र पातळ असल्यामुळे फारशा कामाच्या नाहीत.

यानंतर अकीक. भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या खाणींतला अकीक खंभातला येतो, तेथे तो भट्टीत भाजला जातो आणि भाजल्याने रंग खुलतो, तसेच छिलका काढणेही सोपे होते. कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी अणीदार सळईवर खडा टेकवून शिंगाच्या डोक्याच्या हातोडीने ठोकतात. हे काम तासभर शांतपणे पाहणे कोणत्याही लेखापेक्षा अधिक शिकवते. मण्यांसाठी नाकारलेले, पोकळी किंवा तडे असलेले भाजलेले खडे वजनावर मिळतील का, हे त्यांनाच नम्रपणे विचारावे. निवडताना खडा ओला करून वाळू द्यावा, म्हणजे तड्यांच्या जागी ओल रेंगाळून रेषा दिसते. दुसऱ्या खड्यावर हलके टकटकवल्यास खणखणीत आवाज यावा, बद्द आवाजाचा खडा परत ठेवावा.

हत्यारांवर खर्च फारसा नाही. नदीच्या गोट्यांपैकी लिंबाएवढा, गोल, तडा नसलेला गोटा हातोडीचे काम करतो. कडेवर दाब देऊन बारीक छिलके काढण्यासाठी विजेच्या सामानाच्या दुकानातली सुमारे ४ मिलिमीटर जाडीची अर्थिंगची तांब्याची तार लाकडी मुठीत बसवावी. परदेशी पुस्तके हरणाचे शिंग सुचवतात, पण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे चितळ-सांबराच्या शिंगांचा व्यापार गुन्हा आहे.

नदीपात्रात आणखी एक काळजी घ्यावी. भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८९० च्या दशकात बडोदा संस्थानची पाहणी करताना येथे प्रागैतिहासिक हत्यारे शोधली होती. तेव्हा जुन्या छिलक्यांच्या खुणा दिसणारा दगड सरावासाठी कधीही उचलू नये, तो जागीच राहू द्यावा.

दगडाच्या धुळीबाबत तडजोड नको. खंभातच्या अनेक अकीक कारागिरांना सिलिकोसिसने ग्रासले आहे, आणि हा फुप्फुसांचा रोग बरा होत नाही. म्हणून काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, चष्मा, जाड हातमोजे आणि एन-९५ मास्क घालून करावे, घासताना दगड ओला ठेवावा आणि खाली ताडपत्री अंथरावी. उरलेला चुरा अंगणात किंवा नदीकाठी टाकू नये, कारण पुढे कोणी संशोधक त्याला प्राचीन अवशेष समजेल. तो डब्यात भरून, सोबत अलीकडचे एखादे नाणे ठेवून, घट्ट बंद करून कचऱ्यात द्यावा.