राउटरच्या फाइलमधली पॉवरची मर्यादा अर्ध्या डीबीएममध्येही (डीबीएम म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं एकक) असू शकते!

रावेरजवळच्या आमच्या केळीच्या बागेत, पंपाच्या खोलीत ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारा वाय-फाय राउटर बसवला. चिप मीडियाटेक कंपनीची. पण दहा-बारा झाडं ओलांडली की सिग्नल गायब. केळीच्या पानांत पाणीच पाणी, म्हणून आधी त्यांनाच दोष दिला. अँटेनाही बदलून पाहिला.

शेवटी डिव्हाइस ट्रीची, म्हणजे सॉफ्टवेअरला हार्डवेअरची माहिती देणारी फाइल उघडली. ‘पॉवर-लिमिट्स’मध्ये प्रत्येक डेटा रेटसमोर (वाय-फायच्या वेगासमोर) मी २० लिहिलं होतं, २० डीबीएम समजून. ही चिप चालवणारा एमटी७६ ड्रायव्हर मात्र हे आकडे अर्ध्या डीबीएममध्ये वाचतो. म्हणजे मर्यादा १० डीबीएम. १०० मिलिवॅटऐवजी फक्त १०!

२० चे ४० केले, राउटरच्या सॉफ्टवेअरची इमेज पुन्हा बनवून त्यात फ्लॅश केली, म्हणजे भरली. आता वडिलांचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल बांधापर्यंत लागतो. आकडा वाढवला तरी देशाची कायदेशीर मर्यादा ओलांडली जात नाही. दोन्हींपैकी कमी असेल तीच मर्यादा लागू होते.